हे तुला कशावरून वाटलं?

अमेरिकेत सहावी ते आठवीची शाळा बहुतेक ठिकाणी वेगळी असते, मिडल स्कूल. अकरा ते चौदा वयाची मुलं. तिथे इंग्रजीच्या विषयाला ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स’ किंवा थोडक्यात ‘ईएलए’ म्हणतात. मी न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत एका सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी मुलांच्या गृहपाठाला मदत करायला बसते. या भागात भारतीय घरं पुष्कळ, त्यांत मराठीही बरीच. आईवडील मुलाला सोडायला येतात तेव्हा म्हणतात, “बोलतो फाडफाड, पण ईएलएत मार्क नाहीत. व्याकरण घ्या थोडं.” त्यांचा रोख कळतो. आपण स्वतः इंग्रजी शिकलो ते शब्दार्थ, रिकाम्या जागा आणि काळ ओळखा या वाटेने. पण या मुलांची अडचण तिथे नसते. मूल गोष्ट वाचतं, त्याला ती कळतेही, आणि तरी कागदावर उत्तर उतरत नाही. आपल्याला जे कळलं ते मजकुरातल्या कुठल्या जागेवरून कळलं, हे त्याला सांगता येत नाही. मिडल स्कूलच्या तीन वर्षांत इंग्रजीचं मुख्य काम हेच आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

२०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या अभ्यासमानकांत हे काम इयत्तेप्रमाणे चढत जातं. अनेक राज्यांनी ती स्वीकारली, काहींनी पुढे बदलून स्वतःच्या नावाने चालवली. न्यू जर्सीनेही २०१६ मध्ये तसंच केलं. सहावीत मुलाने आपल्या म्हणण्याला मजकुरातून पुरावा द्यायचा. सातवीत एकाहून अधिक पुरावे. आठवीत हाती आलेल्या पुराव्यांतून सगळ्यांत भक्कम कोणता ते निवडायचं. वाचताना या पायऱ्या बारीक वाटतात, पण सहावी ते सातवीची उडी नुसती बेरजेची आहे आणि सातवी ते आठवीची पारखण्याची आहे. सातवीत उत्तम चाललेली मुलं आठवीत अडखळतात ती इथेच. त्यांना पाच पुरावे सापडतात आणि पाचही सारख्याच वजनाचे वाटतात.

लँग्स्टन ह्यूज यांची १९५८ सालची ‘थँक यू, मॅम’ ही गोष्ट कितीतरी शाळांत सातवीच्या आसपास वाचतात. जेमतेम तीन पानं. रात्री अकराच्या सुमाराला एक धिप्पाड बाई एकटी घरी चालली आहे, रॉजर नावाचा मुलगा तिची पर्स हिसकावायला जातो, पट्टा तुटतो आणि तो स्वतःच उताणा पडतो. बाई त्याला पोलिसांत देत नाही. मानगूट धरून घरी नेते, तोंड धुवायला लावते, जेवू घालते आणि शेवटी ज्या निळ्या बुटांसाठी त्याने हा उद्योग केला त्यासाठी दहा डॉलर हातावर ठेवते. प्रश्न ठरलेला: बाईंचा रॉजरवर विश्वास आहे का?

वर्गाच्या भिंतीवर ‘रेस’ नावाचा तक्ता असतो. आधी प्रश्न आपल्या वाक्यात घ्यायचा, मग उत्तर द्यायचं, मग पुरावा, मग स्पष्टीकरण. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. मराठी घरातला सातवीचा एक मुलगा पहिल्या तीन पायऱ्या झरझर उतरवतो. बाईंचा विश्वास आहे, कारण त्यांनी पर्स पलंगावर तशीच ठेवली. चौथ्या जागी लिहितो: यावरून दिसतं की बाईंचा त्याच्यावर विश्वास आहे. म्हणजे उत्तरच पुन्हा लिहिलं. या एका वाक्यापाशी मी जेवढ्या मुलांना थांबलेलं पाहिलं तेवढं दुसरीकडे कुठेच नाही. मी पेन्सिल बाजूला ठेवायला सांगते आणि मराठीत विचारते.

“बाई त्या वेळी कुठे होत्या?”

“पडद्यामागे. जेवण बनवत होत्या.”

“मग पर्सकडे कोण बघत होतं?”

“कोणीच नाही.”

“दार?”

“उघडं.”

“आणि रॉजर कुठे बसला?”

तो पान पुन्हा बघतो. “लांब बसला. म्हणजे, पर्सपासून लांब. त्यांना दिसेल असा.”

“का रे?”

तो बराच वेळ गप्प. मग म्हणतो, “मावशी, त्याला वाटत होतं की आता त्यांनी आपल्याला चोर समजू नये.”

हेच ते चौथं वाक्य. तोंडी आलं, आता लिहायचं. लिहिताना त्याच्या लक्षात येतं की आपला पुरावाही बदलला पाहिजे. पर्स ठेवणं हा बाईंच्या बाजूचा पुरावा झाला. विश्वास पोहोचल्याचा पुरावा मुलाच्या बसण्याच्या जागेत आहे. तो पर्सचं वाक्य ठेवतो आणि पुढे लांब बसण्याचं जोडतो. तिथून उत्तर वेगळ्याच उंचीवर जातं.

हे संभाषण मराठीत झालं म्हणून काही बिघडत नाही, उलट वेळ वाचतो. विचाराचा सांधा एकदा जुळला की इंग्रजी वाक्य मूल स्वतः तयार करतं, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार असतं. म्हणून आईवडिलांना मी आग्रहाने सांगते की घरी मराठीतच विचारा. गोष्ट कोणतीही असो, सिनेमा असो, आजीने फोनवर सांगितलेली गावाकडची भानगड असो. ‘हे तुला कशावरून वाटलं?’ एवढा प्रश्न पुरतो. उत्तर येईपर्यंत गप्प बसणं मात्र जमायला हवं. आपण घाईने उत्तर पुरवतो आणि मुलाचा सराव तिथेच बुडतो.

खुणा करत वाचणं हा दुसरा सराव. शाळा हायलायटर वापरायला सांगते, आणि मुलं पान पिवळंधमक करून आणतात. सगळंच रंगवलं की काहीच निवडलं नाही असं होतं. कायलीन बीअर्स आणि रॉबर्ट प्रॉब्स्ट यांनी २०१२ मध्ये गोष्ट वाचताना कुठे थबकायचं याच्या सहा खुणा सुचवल्या, त्या आता अनेक वर्गांत रुळल्या आहेत. पात्र आपल्या स्वभावाविरुद्ध वागलं की थांबा, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली की थांबा, वडीलधाऱ्याने सल्ला दिला की थांबा, अशा. सहाही एकदम शिकवू नयेत असं मला वाटतं. पहिल्या दोन पुरेशा आहेत, आणि खूण करताना रंगाऐवजी समासात चार शब्द लिहायला लावावेत. ‘पळाला का नाही?’ एवढं लिहिलेलं मूल त्या पानाकडे परत येतं.

व्याकरणाचा आग्रह धरणाऱ्या पालकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फक्त व्याकरणाची वही वेगळी आणि लिखाण वेगळं असं ठेवलं तर ते एकमेकांना भेटत नाहीत. फ्रँक ओहेअर यांनी १९७३ मध्ये सातवीच्याच मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: सुटी छोटी वाक्यं देऊन ती जोडायचा सराव केला, व्याकरणाच्या संज्ञा घोकून न घेता, तरी मुलांचं लेखन सुधारलं. २००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या अहवालानेही वाक्यजोडणीला परिणामकारक पद्धतींत जागा दिली. मी तो सराव त्याच गोष्टीवर घेते. दार उघडं होतं. बाईंनी मान सोडली होती. रॉजर पळाला नाही. तो सिंककडे गेला. ही चार वाक्यं एक करा. एका मुलीने ‘आणि’ने सगळी ओवली. दुसरीने लिहिलं, बाईंनी मान सोडली होती आणि दार उघडं होतं, तरीही रॉजर न पळता सिंककडे गेला. त्या ‘तरीही’त अख्खं स्पष्टीकरण आलं! इंग्रजीत ते ‘ऑल्दो’ने सुरू होतं, ‘ऑल्दो’ आणि ‘बिकॉज’ हे दोन शब्द हाताशी असलेलं मूल ‘रेस’च्या चौथ्या पायरीवर अडत नाही. तेव्हा व्याकरण शिकवायचंच, पण मुलाने नुकत्याच वाचलेल्या गोष्टीच्या वाक्यांतून.

शब्दसंग्रहाच्या याद्यांवर मी वेळ घालवत नाही. ग्रीक आणि लॅटिन धातू मात्र घेते, कारण एक धातू कळला की त्याची भावंडं ओळखता येतात.

खरा खड्डा असतो तो माहितीचा. मिडल स्कूलमध्ये गोष्टींइतकेच माहितीपर उतारे येतात: तीसच्या दशकातली धुळीची वादळं, सिव्हिल वॉर, अंडरग्राउंड रेलरोड. यातलं शेवटचं नाव वाचून बोगद्यातली आगगाडी डोळ्यांसमोर आणणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या माणसांचं आणि घरांचं ते जाळं होतं, हे ठाऊक नसेल तर उताऱ्यातला प्रत्येक शब्द येऊनही अर्थ लागत नाही. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी या वयाच्या मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि खेळाडूंच्या छोट्या आकृत्या हलवून तो डाव मांडायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्या घरांना हे चटकन पटतं. क्रिकेटच्या सामन्याचा वृत्तांत इथल्या एखाद्या शिक्षकापुढे ठेवला तर ‘स्लिपमध्ये झेल’ म्हणजे काय हे त्यालाही अडेल. म्हणून वाचनकौशल्याच्या सरावपुस्तिका घेण्याआधी मुलाला इतिहासाची, विज्ञानाची पुस्तकं द्यावीत, वाचनालयातून पोतंभर आणावीत, आणि एकाच विषयावरची लागोपाठ तीन-चार वाचू द्यावीत. चौथ्या पुस्तकापर्यंत वाचनाचा वेग वाढलेला असतो.

काळजी करण्यासारखी परिस्थिती आहेच. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत देशातल्या आठवीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचं वाचन ‘बेसिक’ या सर्वांत खालच्या टप्प्यापर्यंतही पोहोचलं नाही. आपली मुलं बहुधा त्यांत नसतील, पण नुसतं ‘नापास नाही’ याला फार अर्थ नाही. न्यू जर्सीची वसंतातली राज्य परीक्षा एकाहून अधिक मजकूर समोर ठेवून त्यांच्यावर सलग लिहायला लावते. तिथे वर्षभर पर्यायांवर गोल काळे केलेल्या मुलाचा हात चालत नाही.

आठवीत वादविवादाचं लेखन करताना हे सगळं एकत्र कसाला लागतं. माझ्या टेबलावर आठवीतली एक मुलगी शाळा उशिरा भरावी या बाजूने लिहीत होती. पुरावे छान होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरू नये असं सुचवलं आहे. कॅलिफोर्नियात कायदाच झाला, २०२२ पासून मिडल स्कूल आठच्या आधी भरत नाही. सातवीपासून विरुद्ध बाजूची दखल घ्यावी लागते, ती तिने एका ओळीत घेतली होती: काही लोकांना हे पटत नाही. कोणत्या लोकांना, असं मी विचारलं. तिला सांगता येईना. मग तिने घरी जाऊन विचारलं आणि पुढच्या खेपेला बसचं वेळापत्रक घेऊन आली. त्याच बस आधी हायस्कूलच्या मुलांना नेतात, मग मिडल स्कूलच्या, मग प्राथमिकच्या. एकाची वेळ पुढे ढकलली की दुसऱ्या कोणाला तरी अंधारात थांब्यावर उभं राहावं लागणार. तिचा धाकटा भाऊ दुसरीत आहे.

विरुद्ध बाजूचा परिच्छेद आता तिच्या निबंधातला सगळ्यांत चांगला परिच्छेद झाला होता, आणि तिचं मूळ म्हणणं त्याच्यापुढे फिकं पडलं होतं. तिने दावाच बदलला: मिडल स्कूल साडेआठला भरावं, पण त्यासाठी लागणाऱ्या जादा बसचा खर्च स्कूल डिस्ट्रिक्टने आधी मंजूर करावा. शिक्षिकेने समासात लिहिलं की खर्चाचा आकडा कुठे आहे, तो शोध. सध्या ती डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक वाचते आहे, आणि त्यातला वाहतुकीचा तक्ता कसा वाचायचा ते आम्ही दोघी मिळून बघतो आहोत.