कर्नलच्या मनगटावर किती घड्याळं?

संगणक बंद असतानाही वेळ पुढे सरकते, ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर. तिथल्या घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की नेमका १ उरतो, म्हणजे एक सेकंद! लिनक्सचं कर्नल, म्हणजे या कार्यप्रणालीचा गाभा, सुरू होताना या घड्याळाकडे पाहून तारीख-वेळ लावून घेतं. पुढची मोजणी दुसरीच घड्याळं करतात.

त्यांतलं सगळ्यात चपळ म्हणजे टीएससी. १९९३च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या आतच असलेल्या या मोजणीयंत्राचा आकडा वाचायला जवळजवळ वेळच लागत नाही. पण सुरुवातीला त्याचा स्वभाव भरवशाचा नव्हता. वीज वाचवायला प्रोसेसर मंदावला की तोही मंदावे, आणि दोन प्रोसेसरांची मोजणी जुळेलच असं नसे. नव्या प्रोसेसरांत तो एकाच गतीनं चालतो. तरी कर्नल संशयी: बऱ्याच यंत्रांवर दर अर्ध्या सेकंदाला ते टीएससीला एचपीईटीसारख्या दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहतं. तफावत फार दिसली, की ‘अस्थिर’ असा शिक्का मारून त्याला घरी बसवतं. बदली घड्याळ विश्वासू, पण वाचायला संथ. क्षणोक्षणी वेळ विचारणाऱ्या डेटाबेसला ते लगेच जाणवतं.

गंमत म्हणजे अशाच एका बदली घड्याळाची, एसीपीआय टायमरची, ३५,७९,५४५ हर्ट्झ ही गती अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगसंकेतातून आलेली आहे. १९८१च्या आयबीएम पीसीतला मूळ स्फटिक त्याच्या चौपट गतीचा होता.