काशीतील वार्धक्य : घाटाच्या पायऱ्या आणि घराचा उंबरठा

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या दरम्यान अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखला जाणारा हा घाट अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात बांधून घेतला. आयुष्याच्या अखेरीस काशीवासासाठी येणाऱ्या वृद्धांची परंपरा तेव्हाही होती, आजही आहे. त्याशिवाय ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पेशवाईपासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. तेथील ज्येष्ठांना दुसरीकडे कोठे जायचे नसते. आहे त्याच घरात राहायचे असते. ते घर त्यांना राहू देईल काय, हा येथील खरा प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. वृद्धाश्रम उभारून एवढ्या लोकांची सोय होणे शक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वयोवृद्धस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात निवासस्थानाबरोबरच रस्ते, वाहतूक आणि शेजार यांचाही विचार केलेला आहे.

शेजाराच्या बाबतीत काशीच्या गल्ल्या नव्या वसाहतींपेक्षा सरस ठरतात. दूध, भाजी, औषध व देऊळ पायी जाण्याच्या अंतरावर असते, उंच भिंतींमुळे सावली मिळते आणि एखादे आजोबा दोन दिवस ओट्यावर दिसले नाहीत तर कोणीतरी चौकशी करते. मात्र याच गल्ल्यांमध्ये रुग्णवाहिका शिरू शकत नाही. रुग्णाला उचलून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागते.

जुन्या घरांच्या अडचणी अगदी साध्या आहेत. जिना अरुंद व उभा, उंबरठा उंच, न्हाणीघराची फरशी ओली आणि शौचालय उकिडवे बसण्याचे. गुडघे दुखू लागले की वरच्या मजल्यावरील माणूस खाली उतरणे टाळतो. प्रथम घाट सुटतो, मग बाजार, मग शेजारही. वार्धक्यातील एकटेपणाचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून जिन्यात असते.

घाटांपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामांवर निर्बंध असल्याने घर पाडून नवे बांधणे हा मार्ग बहुतेकांना खुला नाही. सुधारणा घराच्या आतच कराव्या लागतात. ज्येष्ठांची खोली तळमजल्यावर आणणे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावणे, पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी ओढणे, न्हाणीत पकडण्यासाठी दांडी व खडबडीत फरशी बसवणे आणि रात्रीसाठी मंद दिवा ठेवणे, एवढ्यानेही पडण्याचा धोका बराच कमी होतो. यांपैकी कशालाही वास्तुविशारदाची गरज नाही. खोलीची अदलाबदल मात्र कुटुंबाच्या संमतीवाचून होत नाही आणि भाडेकरूला तर दांडी ठोकण्यासाठीही घरमालकाची परवानगी मागावी लागते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्याची तरतूद त्यात नाही. वृद्धाला घराबाहेर हलवण्याआधी घरात एक कठडा बसवून पाहावा, हा विचार आपल्या धोरणांत अद्याप पुरेसा उतरलेला नाही, असे म्हणावे लागते.

घाटाचा प्रश्न अधिक अवघड आहे. सुगम्यतेच्या प्रचलित निकषांनुसार उताराचे प्रमाण १ : १२ असावे लागते. म्हणजे १० मीटर उंची उतरण्यासाठी १२० मीटर लांबीचा उतारमार्ग आणि त्याशिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा हव्यात. उत्तरेकडील नमो घाट नव्याने विकसित करताना अशी सोय करता आली. ऐतिहासिक दगडी पायऱ्यांवर असा मार्ग घालणे म्हणजे घाटाचे रूपच बदलणे होय.

त्यापेक्षा पायऱ्यांच्या मधोमध कठडे, ठरावीक अंतरावर टेकण्यासाठी बाक, जवळ स्वच्छतागृह आणि वर गंगादर्शनासाठी सावलीची जागा, हे उपाय अधिक व्यवहार्य वाटतात. कठडेही साधे चालणार नाहीत. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या कित्येक आठवडे पाण्याखाली जातात. १९७८ च्या पुरात वाराणसीत गंगेची पातळी ७३.९ मीटरपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे कठडे गंजणार नाहीत असे किंवा पुरापूर्वी काढून ठेवता येतील असे हवेत. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर निसरड्या गाळाचा थर राहतो. तो धुऊन काढेपर्यंत वृद्धांसाठी घाट बंदच असतो आणि नेमके त्याच सुमारास कार्तिकस्नान जवळ आलेले असते.