कुत्रीचा गर्भपात आणि गोठ्याची सुरक्षितता

शेताची व मेंढवाड्याची राखण करणारी कुत्री गाभडली, तर मार लागला असेल असे समजून विषय सोडून दिला जातो. वस्तुतः अशा गर्भपाताच्या मुळाशी पुष्कळदा जंतूंचा संसर्ग असतो. त्यांपैकी काही जंतू गुरांस व मनुष्यासही बाधक ठरतात.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. निरोगी दिसणारी कुत्री ४५ ते ५५ दिवसांच्या सुमारास गाभडल्यास ब्रुसेला जंतूचा संशय घ्यावा. कुत्र्यांतील ब्रुसेला कॅनिस हा जंतू १९६६ साली अमेरिकेत कारमायकेल या शास्त्रज्ञाने शोधून काढला. गर्भपातानंतर १ ते ६ आठवडे स्राव जात राहतो. त्या स्रावात, वारेत व मृत पिलांत जंतू विपुल असतात. बाधित नराचे वृषण सुजतात व तो वांझ होऊ शकतो. संयोगाने, तसेच स्राव चाटल्या-हुंगल्याने रोग फैलावतो. स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय व साल्मोनेला या जंतूंमुळेही गर्भ पडू शकतो. म्हणून निदान तपासणीनेच करावे.

गोठ्याशी याचा निकटचा संबंध आहे. गाई-म्हशी ब्रुसेला अबॉर्टस या जंतूमुळे गाभडतात. त्यांची वार उकिरड्यावर टाकली, की कुत्री ती खातात, स्वतः बाधित होतात आणि तिचे तुकडे शेजारच्या गोठ्यापर्यंत ओढून नेतात. अशा वारेस उघड्या हाताने स्पर्श करणाऱ्या माणसास वरचेवर उलटणारा ताप, घाम व सांधेदुखी जडते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१) पडलेला गर्भ व वार हातमोजे घालूनच उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

२) ती जागा जंतुनाशकाने धुवावी. गर्भवती स्त्रिया व मुले यांना तेथे जाऊ देऊ नये.

३) गाभडलेली कुत्री वेगळी बांधावी व तिचे रक्त पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.

४) ब्रुसेलाचे जंतू पेशींच्या आत दडून राहत असल्याने औषधानंतरही रोग उलटतो. म्हणून बाधित कुत्र्यांची पैदास करू नये. निर्बीजीकरणाविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

५) ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी व पारड्या यांस ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश आहे. ही लस कुत्र्यांसाठी नाही.

एका खड्ड्याचे श्रम वाचविण्याच्या मोहात गोठ्याचे व कुटुंबाचे आरोग्य धोक्यात येते, ही गोष्ट ग्रामसेवकांनी घरोघरी पटवून द्यावी.