विंटर हिल : गिरणीकामगारांनी मागितलेली वाट

इंग्लंडमध्ये बोल्टन शहराच्या वायव्येला विंटर हिल नावाची ४५६ मीटर उंचीची टेकडी आहे. तिला सुळका नाही, किल्ला नाही. वर आहे तो वाऱ्याने झोडपलेला माळ, हेदरची झुडपे आणि पाणी धरून ठेवणारी पीटची काळी माती. पर्यटक तिला वगळून लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांकडे जातात. तरीही ही टेकडी पायी चढावी, कारण माळावर चालण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न इथल्या कष्टकऱ्यांनी फार लवकर उभा केला.

बोल्टन हे एकेकाळी सूतगिरण्यांचे शहर होते. आठवडाभर धुरात राबणाऱ्यांना रविवारी मोकळी हवा मिळायची ती याच माळावर. १८९६मध्ये जमीनदार कर्नल एन्सवर्थ यांनी इथली कोलपिट रोडची जुनी वहिवाट बंद केली. ६ सप्टेंबरला सुमारे १०,००० लोक फाटक ओलांडून वर गेले. यावर कोणी म्हणेल, की या लढ्याचा मान किंडर स्काउट या डोंगराचा आहे. तिथल्या १९३२च्या सत्याग्रहात पाच जण तुरुंगात गेले, बोल्टनकर मात्र एन्सवर्थ यांनी भरलेला वहिवाटीचा खटला हरले. हार झाली हे खरे. पण वहिवाटीचा दावा घेऊन अख्खे शहर किंडरच्या ३६ वर्षे आधी उभे राहिले होते आणि न्यायालयाच्या निकालाने त्या मागणीचा न्याय्यपणा कमी होत नाही. माळरानांवर मुक्तपणे फिरण्याची मुभा देणारा कायदा अखेर २०००मध्ये झाला.

दुसरा आक्षेप देखाव्याबद्दलचा. माथ्यावर टीव्ही प्रक्षेपणाचा ३०० मीटरहून उंच मनोरा आहे. मग निसर्ग उरला कुठे? पण ही टेकडी कधी अस्पर्श नव्हतीच. कोलपिट म्हणजे कोळशाची खाण. त्या रस्त्याच्या नावातच माणसाचे श्रम आहेत. टेकडीचे मोल निर्जनतेत नसून शहराशी असलेल्या जवळिकीत आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसांच्या वावराने माळाला आगीचा धोका असतो. २०१८च्या उन्हाळ्यातली आग इथे कित्येक आठवडे धुमसत राहिली. पीटचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, म्हणजे जळालेली वीतभर माती भरून यायला शतके लागतात. मात्र यावर उपाय फाटक लावण्याचा नाही. ज्याला माळ आपला वाटतो, तोच त्याची राखण करतो. म्हणून विंटर हिलवर जरूर जा, मळलेल्या वाटेनेच चाला आणि तिथे आग पेटवू नका.