वस्ताद आणि पठ्ठा

कुस्ती हा बलाचा विषय. तेथें शाळामास्तराचें काय काम, असा प्रश्न आपल्यापैकीं कोणाच्या मनांत येईल. परंतु जन्मभर मुलांना शिकविण्यांत ज्याचे दिवस गेले, त्याला शिकविण्याचें मर्म जेथें उघड दिसतें तेथें थांबावेंसें वाटतें. आणि आपल्या जुन्या तालमींत तें जितकें उघड दिसतें, तितकें अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

मी राहतों तो उल्हासनगरचा दुसरा कॅम्प. महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेल्या या गांवाला १९४९ सालीं हें नांव मिळालें. आज सायंकाळीं येथील मुलगे आणि मुली पांढरा पोशाख करून कराटेच्या वर्गाला जातात, याचा मला आनंदच वाटतो. मात्र आईबाप वर्गाची फी विचारतात, पुढचा पट्टा किती महिन्यांत मिळेल हें विचारतात. शिकविणारा कसा आहे, हें विचारणारे थोडे. पट्ट्याची ही पद्धत जपानांत ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनीं पाडली व तेथून ती कराटेंत आली. आमच्या तालमीला पट्टा ठाऊक नव्हता. ‘अमक्या वस्तादाचा पठ्ठा’ हीच मल्लाची पदवी. आणि पठ्ठ्यानें मैदानांत कपट केलें, तर खालीं जाई ती मान वस्तादाची.

तालमींत नवीन मुलगा आला म्हणजे पहिल्या दिवशीं त्याला डाव कोणी शिकवीत नाहीं. हातांत खोरें येतें. हौद्यांतील लाल माती उकरावयाची, तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवावयाचा, वडील पठ्ठ्यांचें अंग रगडावयाचें, आणि मग जोर व बैठका. बाहेरच्या माणसाला ही वेठ वाटते. परंतु माती उकरल्यानें खांदे, पाठ व मनगटें घडतात, आणि ज्या मातीवर आपल्याला पडावयाचें आहे ती मऊ कां असावी, हें हातांनाच कळतें. शिवाय तेवढ्या दिवसांत वस्ताद मुलाला पारखीत असतो. तो चिवट आहे कीं उतावळा, हरल्यावर हसतो कीं दांत खातो, हें त्याला पाहावयाचें असतें. खुनशी मुलाच्या हातीं सांधा निखळविणारा डाव देणें म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा हात त्याच्या हवालीं करणें होय.

वस्तादाचें दुसरें मोठें काम जोड लावण्याचें. जत्रेच्या मैदानांत हलगी वाजत असते, इनामाचा आंकडा चढत असतो, लोक ओरडत असतात आणि तरुण पठ्ठ्याचें रक्त सळसळत असतें. अशा वेळीं ‘ही जोड तुझी नव्हे’ असें म्हणून त्याला खालीं बसविणारा एकटा वस्तादच. विषम जोडींत मानेला किंवा गुडघ्याला इजा झाली, तर लोक टाळ्या वाजवून घरीं जातात. जन्म काढावयाचा तो पठ्ठ्याला. वस्तादाचा शब्द निमूटपणें मानावा, ही तालमींतील रीत या जबाबदारीवर उभी आहे. आज्ञापालन हा कराराचा अर्धा भाग. पठ्ठ्याच्या शरीराची राखण हा उरलेला अर्धा.

हा करार जन्मजात मोठेपणा मानीत नसे, याचें उत्तम उदाहरण पुण्याचें आहे. गंजपेठेंतील लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) हे मांग समाजांतले. त्यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, आणि वासुदेव बळवंत फडके यांनींही त्यांच्यापाशीं शस्त्रविद्येचे धडे घेतले. ज्या काळीं मांगाचा विटाळ मानीत, त्या काळीं माळ्याचा मुलगा व ब्राह्मणाचा मुलगा त्यांना गुरु मानून त्यांच्या तालमींत उतरले. पुढें जोतीरावांनीं अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, तेव्हां विद्यार्थी मिळवून देण्यास हेच लहुजी पुढें झाले. साळवे घराण्यांतील मुक्ता ही मुलगी त्या शाळेंत शिकली, आणि १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं तिचा निबंध छापून आला. वस्तादाचें ऋण पठ्ठ्यानें अक्षरांत फेडलें, असें मी समजतों.

बडोद्याचें उदाहरणही असेंच आहे. तेथील जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचें नांव व्यायामविद्येंत देशभर गाजलें, तरी संस्था ओळखली जाते ती जुम्मादादा व्यायाम मंदिर या नांवानें. शिष्यानें स्वतःच्या कीर्तीच्या माथ्यावर गुरूचें नांव लिहिलें.

आतां राखून ठेवलेल्या डावाची गोष्ट. फारसी कवि सादी यानें तेराव्या शतकांत आपल्या ‘गुलिस्तां’ या ग्रंथांत ती सांगितली आहे. एका वस्तादाला ३६० डाव येत होते. त्यानें आवडत्या शिष्याला ३५९ शिकविले. शिष्य उन्मत्त होऊन राजासमोर गुरूशींच लढावयास उभा राहिला, तेव्हां गुरूनें उरलेल्या डावानें त्याला आडवा केला. ही गोष्ट लोक गुरूच्या शहाणपणासाठीं सांगतात. मी मास्तर असल्यामुळें हिशेब मांडतों. प्रत्येक पिढीनें एकेक डाव राखला, तर दहा पिढ्यांनंतर दहा डाव कोणालाच येणार नाहींत. शिष्याची तयारी होईपर्यंत डाव राखणें हें शिक्षण आहे. मरेपर्यंत राखणें हें भय आहे.

भय न बाळगतां देणाऱ्या गुरूचें रूप कोल्हापुरांत दिसलें. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास खाशाबा जाधवांना पैसा पुरेना, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकर हे कांहीं कुस्तीचे वस्ताद नव्हेत. तरीही राखण करणें म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक होतें.

या संबंधांतील दोष मात्र झांकून ठेवूं नये. राखण सुटली आणि आज्ञापालन तेवढें उरलें, कीं मुलगा दुखणें लपवितो, अन्याय गिळतो, आणि त्यालाच निष्ठा म्हणतो. २०२३ सालीं महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाची तक्रार घेऊन ऑलिंपिक पदक मिळविलेल्या मल्लांना दिल्लीस जंतरमंतरवर बसावें लागलें. ज्या विद्येंत आपलें शरीर दुसऱ्याच्या स्वाधीन करावें लागतें, तेथें ‘नाहीं’ म्हणण्याचा शिष्याचा अधिकार हा पहिला डाव म्हणून शिकविला पाहिजे.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. तालीम असो वा कराटेचा वर्ग, मुलाचें नांव घालण्यापूर्वीं तासभर कोपऱ्यांत बसून पाहावें. मूल कळवळलें तर शिकविणारा थांबतो कां? दुबळ्या मुलाची जोड कोणाशीं लावतो? ‘मला दुखतें’ असें म्हणावयास मुलें भितात कां? पट्ट्याचा रंग त्यानंतर विचारावा.