बळीच्या डोक्यावर आता पाय कोणाचा?

वसमत तालुक्यातल्या रिढोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या कवितेतला शेतकरी वाचताना बळीराजा आठवतोच. ही पुराणकथा महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त उलटी सांगितली: बळी न्यायी राजा, वामन कपटी. आता हवामानबदलावरच्या एखाद्या कवितेत हीच कथा आली, तर संशोधक म्हणून तुम्ही एक प्रश्न धरून ठेवा: इथे वामन कोण? लांबलेला पाऊस, पडलेला भाव, की दूरवर धूर सोडणारे कारखाने? पाऊसच वामन ठरला, तर जबाबदार माणूस अलगद सुटतो. आणि बरं का, दुष्काळाची प्रत्येक कविता हवामानबदलाची नसते. दुष्काळ 1972 लाही होताच. म्हणून आधी कवितेचं साल बघा, मगच लेबल लावा.