टिंबापाशी अडलेल्या कविता

ई-मेलचंही स्थलांतर होतं. केंद्र सरकारच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल एनआयसीच्या व्यवस्थेतून झोहोच्या व्यवस्थेत गेल्याची बातमी 2025 मध्ये आली होती. लहान संस्थाही आपलं टपाल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवत असतात. त्यानंतर एक तक्रार हमखास येते. माझी स्वतःची पत्रं जागेवर आहेत, पण सगळ्यांचा मिळून जो फोल्डर होता, तो दिसत नाही!

आम्ही काही कवी मिळून एक संग्रह काढतो आहोत. आलेल्या कविता अशाच सामायिक फोल्डरांत होत्या. एका दिवंगत मित्राच्या शेवटच्या कविताही त्यातच. घरच्यांकडे दुसरी प्रत नाही. सेवा देणाऱ्यानं सर्व्हर बदलला आणि त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या शेजारचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. (हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुणेकरांना अजून पटत नाही.) तो म्हणाला, "चाचा, काही पुसू नका. आधी ब्राउझर उघडून थेट नव्या सर्व्हरवर बघू."

यामागचं कारण साधं आहे. 'आयमॅप' ही पद्धत 1986 मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. तिच्यात पत्रं सर्व्हरवर राहतात. आपल्या संगणकावर दिसते ती त्यांची यादी आणि नक्कल. ब्राउझरमध्ये पत्रं दिसली, तर दोष आपल्या यादीत. मग मेलच्या प्रोग्राममध्ये फोल्डरांची यादी उघडून हव्या त्या फोल्डरपुढे पुन्हा खूण करायची.

तिथंही दिसली नाहीत, तर हक्क तपासायचे. मुळशीकरांना हे समजावून सांगायला नको. धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी इथं 1921 मध्ये सत्याग्रह झाला. जमीन वेगळी आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं, हे इथं पोरासोरांना ठाऊक आहे. सामायिक फोल्डरचंही तसंच. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, याची नोंद पत्रांपासून वेगळी असते आणि हलवताना ती पुष्कळदा मागेच राहते. म्हणून फोल्डर ज्याच्या मूळ खात्यात आहे, त्याच्या नावानं आत शिरून पाहावं.

आम्ही तसं पाहिलं. मित्राच्या फोल्डरचं नाव होतं 'कै. आबा'. काही सर्व्हर फोल्डर आणि पोटफोल्डर यांच्यामध्ये तिरकी रेघ मानतात, काही टिंब. नव्या सर्व्हरला 'कै' नंतरचं टिंब म्हणजे हद्द वाटली. त्यानं 'कै' नावाचा रिकामा फोल्डर केला आणि त्याच्या पोटात 'आबा'. सगळ्या कविता तिथं सुखरूप होत्या. कवितेत टिंबाचा एवढा दरारा मी कधी पाहिला नव्हता. आम्हा बाकीच्यांचे हक्क मात्र जुन्याच नावावर होते, ते नव्यानं द्यावे लागले.

मराठी नावांची आणखी एक गंमत. आयमॅपच्या जुन्या रीतीत देवनागरी नाव आतून रोमन अक्षरांत गुंडाळून जातं. ते नीट उलगडलं नाही, तर 'कविता'च्या जागी निरर्थक अक्षरांची भेळ दिसते. असा फोल्डर कचरा समजून उडवू नये.

जुना सर्व्हर लगेच बंद करू देऊ नका. नवा पत्ता जगभर पोचेपर्यंत काही पत्रं जुन्याच दारात पडत राहतात. दोन्हीकडच्या पत्रांची संख्या फोल्डरवार मागून घ्या, आणि जुळली की मगच त्यांना कुलूप लावू द्या.